ओला घट्टा

"मॅडम, अण्णांच्या पायाचा घट्टा वला हाय."

रुपाली हे बोलली आणि सकाळची राउंड जागच्या जागी थांबली. फिजिशियन सरांच्या हातात डिस्चार्जचा कागद होता, पेनाचं टोपण निघालेलं होतं. माझ्या सहा विद्यार्थिनी कॉटभोवती उभ्या होत्या आणि सातवी, म्हणजे रुपाली, पेशंटच्या पायाशी. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो. मी म्हटलं, "घट्टा कधी ओला असतो का गं? बोलायच्या आधी जरा विचार करत जा."

पण अण्णांच्या तळव्यावरचा हात काही तिनं काढला नाही.

मी तेव्हा नर्सिंग कॉलेजात ट्यूटर होते. श्रीरामपूर भागातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल आणि त्याला जोडून आमचं कॉलेज. मुली सकाळी वॉर्डात, दुपारी वर्गात. पेशंट अण्णा बेलापूरकडचे, सत्तरीच्या घरातले. शेतात ऊस आणि रक्तात साखर, दोन्ही भरघोस. ताप येतो म्हणून पाच दिवसांपूर्वी भरती झाले होते. छातीचा एक्सरे झाला, लघवी तपासली, डेंग्यू-मलेरिया बघून झाला. सगळे रिपोर्ट चांगले आणि ताप मात्र रोज संध्याकाळी हजर. अँटिबायोटिकनं कालपासून तो जरा उतरला होता आणि तेवढ्यावर अण्णांनी घरी जायचा धोशा लावला होता.

"सायेब, तोड आलीया," ते सरांना सांगत होते. "टोळी फडात उतरली. आता मालक बांधावर नको व्हय?"

कारखान्याकडून आपल्या उसाची तोडणीची पाळी आली की आमच्याकडचा शेतकरी सलाईन लावलेलं असलं तरी उठून जाईल. सरांनाही ते माहीत. ते म्हणाले, "सिस्टर, शेतकऱ्याचा पाय आहे. घट्टे असणारच."

"पन्नास वर्सं उसाला पानी देत अनवानी दारं धरली, त्याचा घट्टा हाय त्यो," अण्णा म्हणाले. मग त्यांनी रुपालीकडे वळून विचारलं, "तुझं गाव कंचं गं पोरी?"

"पाथर्डीकडं. आई-वडील तोडीला येत्यात इकडं."

"मग तुला ऊस कळंल. पाय कसा कळंल?"

बाकीच्या पोरी फिसकन हसल्या. रुपालीचे कान लाल झाले आणि तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेनं मला दोन आठवड्यांपूर्वीचा वर्ग आठवला.

त्या दिवशी मी पेशीवर शिकवत होते. ताण आला की पेशी काय करते, हा विषय. पोरींना पॅथॉलॉजी म्हटलं की झोप येते, म्हणून मी घरगुती उदाहरणं देते. पेशीवर ताण आला की ती लगेच मरत नाही, आधी जुळवून घेते. पैलवानाच्या दंडातल्या पेशी मोठ्या होतात, ती हायपरट्रॉफी. दीड महिना प्लास्टरमध्ये राहिलेला पाय काडीसारखा बारीक होतो, ती अ‍ॅट्रॉफी. वर्षानुवर्षं विडी ओढणाऱ्याच्या श्वासनळीत नाजूक पेशींच्या जागी राकट पेशी येतात, ती मेटाप्लेझिया. आणि जिथं सारखं घासतं, दाबतं, तिथं कातडीच्या पेशींची संख्या वाढते आणि थरावर थर चढतात. ती हायपरप्लेझिया, म्हणजेच आपला घट्टा.

"कुणाच्या हाताला आहे घट्टा?" मी विचारलं. सगळ्यांनी तळवे उघडले. रुपालीनं हात एप्रनच्या खिशात घातले.

अ‍ॅडमिशन होईपर्यंत, आणि नंतरही सुट्टीत, ती आई-वडिलांबरोबर फडात जात होती. कोयता धरून धरून तिच्या उजव्या तळव्यावर रांगेनं चार घट्टे होते आणि ते ती वर्षभर लपवत होती. मी काय करावं? तिचा हात खिशातून ओढून काढला आणि वर्गाला दाखवला. "बघा, याला म्हणतात अ‍ॅडॅप्टेशन. पेशी अशी स्वतःला सांभाळते." मी स्वतःवरच खूश होते. पोरीला काय वाटलं असेल, हे माझ्या गावीही नव्हतं.

हात सोडवून घेत तिनं प्रश्न विचारला. "मॅडम, माझ्या आईच्या घट्ट्याखाली पू झालता. नंतर बोट वाकडंच राहिलं. तवा पेशीनं का नाही सांभाळलं?"

मी घड्याळ बघितलं. पोर्शन राहिला होता. म्हटलं, "ते पुढच्या चॅप्टरमध्ये आहे. बस खाली."

आता पुढचा चॅप्टर माझ्यासमोर कॉटवर पाय पसरून बसला होता, आणि सर सही करायच्या बेतात होते.

"रुपाली, तुला कसं कळलं ते नीट सांग," मी म्हटलं. आवाज जरा खाली आणला.

"मॅडम, स्पंज देताना मी तळवे पण पुसले. आईचा हात मी रोज दाबून बघायची. कोरडा घट्टा दाबला तर दगडावानी लागतो. हा मधे दबतोय. कडंनी गरम हाय. आन् मी एवढं दाबलं तरी अण्णांना दुखलंच न्हाई. म्हणून तर भ्या वाटलं मला."

भीती वाटायची ती नेमकी जागा तिनं बरोबर पकडली होती. इजा झाली की लाली येते, गरम लागतं, सूज येते आणि दुखतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. पण जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. पेशी मरत असतात आणि मालकाला पत्ता नसतो. दुखत नाही याचा अर्थ तिथं सगळं ठीक आहे असा नसतो. कधी कधी अर्थ बरोबर उलटा असतो.

मी हातमोजा चढवला आणि अण्णांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली अंगठा टेकवला. कडा टणक होत्या. मधोमध मात्र बोट आत गेलं, पिकलेल्या सीताफळावर जातं तसं. घट्ट्याच्या पोटात उडदाएवढा काळा ठिपकाही दिसला. पाच दिवस आम्ही या माणसाचं बादलीभर रक्त काढलं होतं आणि तळवा कुणीच बघितला नव्हता, मीसुद्धा नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"सर," मी म्हटलं, "सही थांबवा. पोरीचं बरोबर आहे."

सरांनी स्वतः दाबून बघितलं. माणूस सरळ, मान्य करायला त्यांना दोन सेकंद लागले नाहीत. पेनाला टोपण लावलं आणि सर्जनला फोन केला.

अण्णा मात्र तडकले. "अवो, दुखत न्हाई तर कशाला उकरताय? ट्रॅक्टर भरून चाललं तिकडं!"

तेव्हा रुपाली त्यांच्या उशाशी गेली. हळू पण ठाम बोलली. "अण्णा, पाचटात चालताना उसाचा बुडखा कुटं लागंल सांगता येत न्हाई. आमी तोडकरी रोज रातच्याला पाय बघूनच झोपतो. ऊस आमाला कळतो का न्हाई, ते कारखान्याला इचारा. पाय कळत्यात." अण्णा म्हणाले, "बरं बाई. कर तुज्या मनासारखं."

सर्जन आले. ड्रेसिंग रूममध्ये त्यांनी ब्लेडनं घट्ट्याचे पापुद्रे काढायला सुरुवात केली. पहिले पापुद्रे पिवळट, मग तांबूस-काळे आणि मग भसकन पू. खोलीत वास भरला. दोन पोरी तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाल्या. अण्णा मान वाकवून स्वतःचा पाय बघत होते, जणू दुसऱ्याचाच आहे.

"ह्ये माज्यात हुतं?" ते म्हणाले.

सर्जननं जखमेची खोली मोजली, पायाचा एक्सरे काढला. हाडापर्यंत पोचलं नव्हतं. "आज घरी गेला असतात आणि आठ दिवस फडात उभं राहिला असतात," ते म्हणाले, "तर पाय कुठून कापायचा, एवढंच मला ठरवायचं उरलं असतं." अण्णांचा चेहरा उतरला.

पळालेल्या पोरींना मी आत बोलावलं आणि तो राहिलेला चॅप्टर तिथंच, ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी घेतला. दाब पडला, पेशींनी थर वाढवले. तिथवर त्या जिंकल्या. पण दाब थांबलाच नाही, आणि तो थरच इतका निबर झाला की खालच्या मांसाला खड्यासारखा टोचायला लागला. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबल्या, ऑक्सिजन कमी पडला. उपाशी पेशी आधी फुगते. त्या वेळी दाब काढला तर ती पूर्ववत होते. नाही काढला तर फुटते, मरते. मेलेली पेशी परत येत नाही, आणि मेलेल्या मांसात जंतूंची जत्रा भरते.

पोरी लिहून घेत होत्या. अण्णा एकदम म्हणाले, "म्हंजी बैलाला खांदा येतो तसं."

"कसं?" मी विचारलं.

"जू घासून घासून मानंची कातडी आदी निबर व्हती. मग सुजती. तवाच जू काढलं तर बैल वाचतो. न्हाई काढलं तर फुटतं, किडं पडत्यात."

एवढी वर्षं मी जे चार पानांत शिकवलं ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं. मी म्हटलं, "अगदी तसंच, अण्णा. आता तुमचं जू काढायचं. जखम भरेपर्यंत हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

"तोड आली तरी?"

"तोड आली तरी."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि मुलाला फोन लावला. फडावर तूच उभा राहा, म्हणाले, माजं जू काढलंय.

त्या रात्रीपासून ताप आला नाही. ड्रेसिंग रुपालीच करायची, माझ्या देखरेखीखाली. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं. नव्या पेशी भरून येत होत्या. मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी बाकीच्या सहाजणींवर उगाच ओरडले. जखम पूर्ण भरली, अण्णांचा पाय शाबूत राहिला. जाताना ते रुपालीला म्हणाले, "तोडकऱ्याची पोर म्हणून बोललो, मनावर घिऊ नको." ती म्हणाली, "तोडकऱ्याचीच हाय की मी."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तिची माफी मागितली. हात ओढला त्याची, आणि 'बस खाली' म्हटलं त्याचीही. पुढच्या बॅचला घट्टा शिकवायची वेळ आली तेव्हा मी तिलाच बोलावलं. ती फळ्यापाशी उभी राहिली, तळवा उघडला आणि म्हणाली, "हा कोरडा आहे. दाबून बघा, म्हणजे ओला ओळखता येईल." नव्या पोरी एकेक करून दाबून गेल्या.

मी आता रिटायर झाले. रुपाली त्याच हॉस्पिटलमध्ये मधुमेहाच्या ओपीडीत स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात माझी स्वतःची साखर वाढलेली निघाली, म्हणून तपासायला गेले. रुबाबात खुर्चीवर बसले, रिपोर्ट पुढे केला.

तिनं रिपोर्टकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, चप्पल काढा."

"अगं, मला काही दुखत नाहीये," मी म्हटलं.

सगळी ओपीडी माझ्याकडे बघायला लागली. रुपालीनं हातमोजा चढवला आणि मला पाय तपासायचं बुटकं स्टूल दाखवलं. "बसा खाली."

मी खुर्ची सोडून स्टुलावर बसले, चप्पल काढली, पाय तिच्या हातात दिला. तिनं टाचेवरचा घट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. कोरडा होता.