टिळकवाडीतली इटली

पीठ मळणाऱ्याच्या बाहीला पीठ लागतंच, तसे हॉटेलात वाढणाऱ्याच्या अंगाला किस्से चिकटतात. झटकले तरी घरापर्यंत येतात. इथं सीमाभागात, टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये ऑर्डर घ्यायला मी असते आणि भट्टीपाशी परशा. परशा गुंजीचा, मी खानापूरची. इटली दोघांनीही बघितलेली नाही. पण संध्याकाळचं पिवळं ऊन टेबलांवर पसरतं, आतून भाजलेल्या लसणाचा वास येतो, तेव्हा आपण नक्की कुठं आहोत ते घटकाभर आम्हालाही कळत नाही.

*

एकदा कडक इस्त्रीतले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. त्यांनी इंग्लिशमधून विचारलं, मी इंग्लिशमधून सांगितलं. त्यांचं अडखळत होतं, माझंही. मग त्यांनी कन्नड काढलं, मीही काढलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"व्हय रं, पोचलो. बसलोय आत."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अण्णा, तिखट किती घालायला सांगू?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, गळ्याजवळचं बटण सोडलं आणि खुर्चीत मागं टेकले. "हे आधी न्हाय का सांगायचं गं? निम्मी भूक तितंच गेली."

*

आमच्या भिंतीवर इटलीतल्या तळ्याकाठच्या एका गावाचं मोठं चित्र आहे. निपाणीकडचे एक आप्पा नातीबरोबर आले होते. गावात ते कीर्तन करतात, असं नात म्हणाली. आप्पा बसल्यापासून चित्राकडंच बघत राहिले.

"पाणी भरपूर हाय गावात," ते स्वतःशीच म्हणाले. मग गरम पिझ्झा घेऊन आलेल्या परशाला त्यांनी विचारलं, "तू जाऊन आलायस तिकडं?"

"न्हाय, आप्पा."

"मग तिकडचं जेवाण हेच, हे तुला कसं ठावं?"

परशा जरा घुटमळला. "तुम्ही कीर्तनात वैकुंठाचं सांगता की, आप्पा."

आप्पांनी मान डोलावली आणि बशी पुढं सरकवली. "वाढ मग."

*

एक मुलगा आणि मुलगी लग्नाचं बोलायला आले होते. पहिलीच भेट. ती वकील, तो बँकेत. त्याला वाटलं हिला आवडत असेल, तिला वाटलं ह्याला, म्हणून दोघांनी स्पॅगेटी मागवली. काट्याला गुंडाळायची, तोंडाशी न्यायची, आणि ती सुटून परत बशीत. दोघंही हसरा चेहरा ठेवून हवामानावर बोलत होते.

शेवटी मी विचारलं, "आवडलं नाही का?"

"आवडायला आधी तोंडापर्यंत यायला पाहिजे ना," मुलगी म्हणाली.

तो मुलगा इतका हसला, की डोळे पुसायला त्याला नॅपकिन लागला. मग त्यानंच दोन चमचे मागितले, आणि दोघांनी त्या शेवया तुकडे करून खाल्ल्या. पुढं मुलगी लग्नाची पत्रिका द्यायला आली. "नक्की या," म्हणाली. "शेवया आहेत, पण खिरीतल्या."

*

आणि ही संकेश्वरची आक्का. मुलाला पहिला पगार मिळालेला, म्हणून तो आई-वडिलांना घेऊन आला होता. आक्का खुर्चीच्या कडेवर बसलेली, पदर सावरून. आमचं स्वयंपाकघर काचेतून दिसतं. परशा कणीक हातावर झेलून मोठी करत होता, ती टक लावून बघत होती. बघता बघता तिची पाठ खुर्चीला टेकली, मान कलली, आणि ती झोपली.

मुलगा ओशाळला. "आई, ऊठ की गं. लोक बघायलेत."

त्याच्या वडिलांनी त्याचा हात धरला. "झोपू दे तिला. दुसरं कोण सैपाक करतंय आन ही नुसती बसलीया, असं कधी झालंच न्हाय."

मी गाणी बंद केली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपल्या पोरांना ओठावर बोट ठेवून गप्प केलं. आत परशा भांडी अलगद ठेवू लागला. पिझ्झा आला, पण बापलेकांनी हात लावला नाही. चीज थिजत गेलं. सगळं हॉटेल तिच्या श्वासाबरोबर हळूहळू वर-खाली होतंय, असं वाटत होतं.

बऱ्याच वेळानं आक्काला जाग आली. दचकून ती अर्धी उठली, पदर कमरेला खोचला आणि मला म्हणाली,

"किती माणसं जेवायची राह्यलीत गं?"