पियानोला लावलेला कूलर

पियानोचा मधला एफ हा सूर आणि लॅपटॉपमधला तोच एफ एकमेकांशी भांडत होते, आणि मी छातीठोकपणे सांगत होतो की चूक पुण्याची आहे.

"फाइलच खराब आली," मी म्हणालो. "तिकडच्या माणसानं पट्टी उतरवून पाठवली."

"काल तर जुळत होतं ना, दादा," अश्विनी म्हणाली.

"काल आपले कान थकले होते."

असली वाक्यं मी फार गंभीर चेहऱ्यानं बोलू शकतो. वर्ध्यात इतकी वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवल्याचा तेवढा एक फायदा. भीमगीतं, भजनी मंडळं, निवडणुकीच्या प्रचारगाड्या, सगळं माझ्याकडे होतं. आर्वीकडच्या गावात सकाळी कचरागाडी जे गाणं वाजवत फिरते, त्याचं मिक्सिंगही माझंच. लोक ते ऐकून बादली घेऊन बाहेर पळतात. कलावंताला आणखी काय हवं?

पण जॅझचं काम पहिल्यांदाच आलं होतं. अश्विनी मूळची सिंदी मेघेची, आता पुण्यात जॅझ पियानो वाजवते. जॅझमध्ये गाण्याची मूळ चाल ठरलेली असते, पण वाजवणारा दर वेळी तिच्यातून नवीन वाट काढत जातो. तिच्या अल्बममध्ये दोन पियानो होते. एक इलेक्ट्रिक. म्हणजे लग्नातला कीबोर्ड नव्हे. त्यात आत धातूच्या बारक्या दांड्या असतात, त्यांच्यावर हातोडी पडते आणि तो आवाज वायरीतून स्पीकरला जातो. तो भाग, बेस आणि ड्रम पुण्यात रेकॉर्ड झाले होते. दुसरा साधा, लाकडाचा, तारांचा पियानो. तो चार गाण्यांत आधीच्या रेकॉर्डिंगवर वाजवून चढवायचा होता. याला आम्ही ओव्हरडब म्हणतो.

लाकडाचे पियानो पुण्यातही मिळतात. पण तिला हाच हवा होता. तिचे वडील सरकारी इंजिनियर. नागपूरच्या कुठल्याशा क्लबच्या लिलावातून त्यांनी हा पियानो आणला, पुस्तकं वाचून स्वतः शिकले आणि मग लेकीला शिकवलं. ते गेले. तिची आई, म्हणजे काकू, आता अश्विनीकडे राहायला निघाल्या होत्या, सिंदी मेघेचं घर विकलं होतं. पुण्याच्या बिल्डिंगच्या जिन्यातून पियानो चढत नव्हता, म्हणून तो नागपूरच्या एका शाळेला दिला होता. सोमवारी सकाळी ट्रक येणार. म्हणजे त्या घरातच रेकॉर्डिंग करायला आमच्या हातात शनिवार आणि रविवार.

"बाबांचा एक फोटो आहे, आवाज एकही नाही," अश्विनी मला पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "निदान त्यांच्या पियानोचा तरी राहू दे."

शुक्रवारी नागपूरचा ट्यूनर येऊन पियानो लावून गेला. पुण्याची फाइल ऐकत ऐकत त्यानं एकेक तार त्या पट्टीत आणली. आम्ही दोन्ही आवाज एकत्र वाजवून पाहिले. इतके जुळले, की कोणता कुठला ते कळेना. मी खूश झालो. आणि खूश झालो की मी भाषण देतो. जेवताना काकूंना मी आवाज म्हणजे काय, तो भिंतीवर आपटून परत कसा येतो, माइकला काय ऐकू येतं आणि माणसाला काय, हे सगळं समजावलं. काकू वांग्याची भाजी वाढत ऐकत होत्या.

मग मी माझ्या डोक्यानं एक काम केलं. मे महिना, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. आपल्याकडे पाहुणा आला की आधी कूलर त्याच्याकडे फिरवतात. मला वाटलं, या दोन दिवसांचा पाहुणा कोण, तर पियानो. बाहेरच्या खोलीतला मोठा कूलर मी ओढत आणला, टाकीत पाणी भरलं, वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या आणि झोत थेट पियानोवर सोडला. झाकण उघडं ठेवलं, आतल्या तारांनाही गारवा लागावा म्हणून. रात्रभर चालू. सकाळी खोली अशी थंडगार झाली होती की मी स्वतःवरच खूश होतो.

आणि आता मधला एफ भांडत होता. जरा वरचा जी तर शिव्याच देत होता.

मी केबल बदलली. लॅपटॉप बंद करून सुरू केला. हेडफोन बदलले. शेवटी पुण्याच्या रेकॉर्डिस्टला फोन लावला. ओंकार नावाचा शांत मुलगा आहे.

"अरे, फाइल पाठवताना जरा लक्ष देत जा," मी म्हणालो. "एवढं मोठं काम आहे."

"सर, फाइल तीच आहे. काल जुळली म्हणून तुमचाच मेसेज आला होता."

"काल वेगळं होतं."

"मग काल आणि आजमध्ये काय बदललं, सर?"

हा प्रश्न मला फार उद्धट वाटला. मी फोन ठेवला.

तेवढ्यात काकू कैरीचं पन्हं घेऊन आल्या. कूलरकडे पाहून म्हणाल्या, "संजूभाऊ, हा बंद करू का? यायनं, अश्विनीच्या बाबायनं, या खोलीत कधी कूलर लावू नाई देला."

"काऊन?"

"लाकूड फुगते म्हणत. आवाज बिघडते म्हणत."

मी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "मंग काल काऊन नाई सांगतलं, काकू?"

"तुम्ही आवाजाचं एवढं समजावून सांगून राह्यले होते," काकू म्हणाल्या. "म्या म्हटलं, तुमाले माहीत असन."

अश्विनीनं तोंड फिरवलं. हसत होती की रडत होती, मला पाहायची हिंमत झाली नाही.

पियानोच्या तारांमागे लाकडाची एक मोठी फळी असते. तारेचा कंप त्या फळीत जातो, म्हणून आवाज मोठा होतो. दमट हवेत ही फळी फुगते, तारा ताणते आणि सूर वर चढतो. तोही सगळा सारखा नाही. मधले सूर जास्त चढतात, खालचे कमी. सगळा पियानो सारखा चढला असता तर मी कॉम्प्युटरवर पुण्याची फाइलच तेवढी वर ढकलली असती. इथे प्रत्येक पट्टी आपापल्या मर्जीनं निघाली होती.

ट्यूनरला फोन केला. तो लग्नाला छिंदवाड्यात पोचला होता, मागे वरात वाजत होती.

"कूलर?" तो म्हणाला. "पियानोले?" मग त्यानं वरातीच्याही वर आवाज चढवला. "बंद करा तो. खोली सुकू द्या, आपोआप उतरन. आन् हीटर, ड्रायर काही लावजो नका. फळी तडकन."

मी हेअर ड्रायर हळूच पाठीमागे लपवला. फोनवरून दिसत नाही हे मला माहीत होतं, तरी लपवला. दहा मिनिटांपूर्वीच बायकोकडून मागवला होता. तो आणून देऊन बायको, मीना, अजून दारातच उभी होती.

"कचरागाडीचं गाणं बरं होतं नं तुमचं," ती म्हणाली. "तिले कूलर नाई लागत."

आता उपाय एकच. कूलर बाहेर, खिडक्या सताड उघड्या. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवरच्या कुरडया जेवणाच्या वेळेपर्यंत कडक होतात, तीच हवा पियानोवर घ्यायची. लू, म्हणजे उन्हाळ्यातली भाजणारी हवा, आत यायला लागली. आम्ही चौघं ओले पंचे डोक्यावर टाकून बसलो. मी मोबाइलवरच्या सूर मोजायच्या ॲपनं एकेक पट्टी तपासत होतो. डॉक्टरनं ताप पाहावा तसा. फरक एवढाच, की ताप मीच आणला होता.

शनिवार असाच गेला. एकही टेक, म्हणजे एका गाण्याचं सलग रेकॉर्डिंग, झाला नाही. संध्याकाळी अश्विनी म्हणाली, "नाही जमलं तर इलेक्ट्रिकवरच अल्बम करू. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी बऱ्याच पट्ट्या जागेवर आल्या होत्या. पण मधल्या काही अजून वर होत्या. अश्विनी मीनाला म्हणाली, "वहिनी, टिकल्या आहेत?" मीनानं पर्समधून पाकीट काढलं. ज्या पट्ट्या बिघडलेल्या होत्या, त्यांच्यावर अश्विनीनं एकेक लाल टिकली चिकटवली.

"या सोडून वाजवते," ती म्हणाली.

"सगळ्या?"

"जॅझ आहे, दादा. वाट काढता येते."

पियानोवरची बुद्धाची छोटी मूर्ती खडखडते म्हणून काकूंनी ती उचलून मांडीवर घेतली. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माइक उघडले. त्या भट्टीत अश्विनी वाजवायला लागली. डावा हात खाली फिरत होता, उजवा वर, आणि मध्ये टिकल्यांजवळ आला की ती थांबायची. तिथे खालून पुण्याचा इलेक्ट्रिक पियानो बोलायचा, आणि ती पुढच्या पट्टीवर उतरायची. प्रत्येक गाण्यानंतर खिडक्या उघडायच्या, घाम पुसायचा, मी ॲप लावायचं, आणि उतरलेल्या सुरावरची एखादी टिकली काढायची. दुपार सरेपर्यंत चारही गाणी झाली. शेवटी फक्त मधल्या एफवर टिकली उरली. तो काही खाली यायला तयार नव्हता.

मी तीन तीनदा तपासून म्हटलं, "झालं." माइक उतरवले, केबल गुंडाळल्या, पेट्या बंद केल्या. या कामात मात्र मी चपळ आहे.

काकूंनी हेडफोन लावून चारही गाणी ऐकली. मूर्ती मांडीवरच होती. ऐकून झाल्यावरही त्यांनी हेडफोन काढले नाहीत. "हे असेच वाजवत. मंधात थांबत, मंग पुढं जात," त्या म्हणाल्या. नवऱ्याला पुढची पट्टी शोधायला वेळ लागायचा म्हणून ते थांबत असावेत, लेक माझ्या कूलरमुळे थांबली होती. मी हे काही काकूंना सांगितलं नाही.

अश्विनी अजून स्टुलावर बसून होती. तिनं मधल्या एफवरची टिकली नखानं काढली आणि ती पट्टी एकदा दाबली. मग पुन्हा. मी ॲप धरलं. सूर बरोब्बर जागेवर होता.

मी पेटीकडे धावलो. "दोन मिनिटं. परत लावतो माइक. शेवटचं गाणं पूर्ण घेऊ."

"राहू द्या, दादा," ती म्हणाली. "हा एक इथंच राहू द्या."

आणि ती ते गाणं अगदी सुरुवातीपासून वाजवायला लागली, सगळ्या सुरांसकट. मी हातात माइक घेऊन उभा राहिलो. तो लावलेला नव्हता. इतका सुंदर टेक माझ्या आयुष्यात झाला नाही, आणि तो माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रक वेळेवर आला. अल्बम पुढे निघाला. ओंकारचा फोन आला. "सर, मधली जागा मोकळी सोडायची ही आयडिया कुणाची? फार लोकांनी विचारलं." मी त्याची माफी मागणार होतो. आधी "अनुभव" म्हणालो, मग मागितली.

आता कुणाच्याही घरी रेकॉर्डिंगला गेलो की वाद्याला हात लावायच्या आधी घरातल्यांना विचारतो, आणि ते बोलत असताना गप्प बसायचं ठरवतो. विचारणं जमायला लागलंय, गप्प बसणं अजून नाही.