आवाज बसला आणि मी भोपाळला गेले

नाताळ दोन आठवड्यांवर आलेला. गायनवृंदाच्या तालमी, करंज्या, चर्चची सजावट, सगळं माझ्याच अंगावर. त्यातच एका तालमीत माझा आवाज पार बसला. डॉक्टर म्हणाले, "पाच दिवस एक शब्दही बोलायचा नाही." मी घरी राहिले तर खुणांनीही कामं काढीन हे ओळखून नवऱ्याने माझं भोपाळचं तिकीट काढलं. तिथे इंद्रपुरीत माझी थोरली बहीण, रूथताई, एकटी राहते.

नागपूरहून सकाळची गाडी घ्या आणि खिडकी सोडू नका. बैतूलनंतर सागाची जंगलं, बोगदे, डोंगरांत अडकलेलं धुकं. पुढे नर्मदा इतकी संथ, की गाडीच थांबल्यासारखी वाटली. मी मात्र वहीत तालमींची यादी लिहीत होते.

स्टेशनवर ताई उभी होती. "बोलू नकोस, माहीत आहे. घरी चल, गरम चाय पी."

ताईचा आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, साधा. टेबलावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. दिवेलागणीला ती त्या लावते, पाव तास गप्प बसते आणि शेवटी एका माणसासाठी देवाचे आभार मानते. पहिल्या संध्याकाळी मी बसल्या बसल्या करंज्यांचं सारणच मोजत होते.

तिसऱ्या दिवशी ती मला मोठ्या तलावावर घेऊन गेली. हिवाळ्यात साडेसहालाच निघा. रिक्षावाले सकाळी थोडे जास्त मागतात, द्या. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. धुक्यातून एक होडी आली नि धुक्यातच गेली. आम्ही मीठ घातलेला भोपाळी चहा घेऊन पायऱ्यांवर बसलो. डोक्यातली यादी कधी थांबली, कळलंच नाही.

"आईला इथे आणायची मी," ताई म्हणाली. "शेवटी शेवटी चालवत नव्हतं तिला. तरी हट्ट करायची."

आई चार वर्षांपूर्वी गेली, डिसेंबरातच. आजारपणात मी दोनच दिवस आले होते. नाताळची गाणी बसवायची होती ना! बाकी सगळं ताईने एकटीने काढलं आणि मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. बोलता आलं असतं, तर आताही मी विषय बदलला असता. मी वही घेतली. 'मी यायला हवं होतं. आईला तू सांभाळलंस. मी तुझे आभारसुद्धा मानले नाहीत.'

ताईने चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"राग होता गं मला," ती म्हणाली. "रोज मेणबत्तीसमोर तुझं नाव ओठांवर यायचं, पण आभार काही निघायचे नाहीत. झूठ कशाला बोलू?"

मी तिचा हात धरला. तिने सोडवला नाही.

त्या संध्याकाळी पाव तास कसा सरला, कळलं नाही. शेवटी ताई हळूच म्हणाली, "प्रभू, माझ्या बहिणीसाठी तुझे आभार." मला रडू आवरेना.

सहाव्या दिवशी नागपूरला परतले, तेव्हा आवाज आला होता, जरा घोगरा. तालमी गायनवृंदातल्या सुनीताने छान सांभाळल्या होत्या, म्हणून त्या तिच्याकडेच ठेवल्या. रविवारी मी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या गायनवृंदाचं गाणं नुसतं ऐकलं. दुसऱ्या कडव्यात मुली जरा चढ्या सुरात लागल्या. लागू दिलं.