झाकोळासुराला सिंहासन नको होतं

वारज्याच्या मंगलतारा सोसायटीच्या चेअरमन आम्रपाली ओव्हाळ यांना चेअरमन व्हायचंच नव्हतं. हे त्या स्वतः सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. निवड झाली तेव्हा त्या सभेला हजरसुद्धा नव्हत्या. गॅसवरचं दूध आठवलं म्हणून वर घरी गेल्या आणि खाली येईपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक वार्षिक सभेत त्या म्हणायच्या, "आता दुसरं कोणीतरी बघा," आणि सगळे सभासद आपापल्या चपलांकडे बघत बसायचे.

अशी कित्येक वर्षं गेली. गच्चीला कुलूप लागलं. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीच्या चाकाला साखळी पडू लागली. लिफ्टशेजारी नोटिसा लागल्या: 'कुंड्यांना पाणी घालताना खालच्या मजल्यावरही माणसे राहतात याचे भान ठेवावे.' टँकर कधी मागवायचा आणि पाणी कधी बंद करायचं, हे बाईंच्या मर्जीवर चालायचं. सभासद त्यांना पाठीमागे काय काय म्हणत, हे बाईंना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटायचं. पण फार नाही.

नोकरी सरकारी कचेरीत, अधीक्षकाची. संध्याकाळी घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्या कादंबरी लिहीत. काळदरी नावाच्या राज्यात झाकोळासुर नावाचा राक्षस. काका भजं घशात अडकून वारला म्हणून काळं सिंहासन याच्या गळ्यात पडलं. याला खरं तर दुधीभोपळे लावायचे होते. पण राक्षस रजेचे अर्ज घेऊन उभे, पिशाच्चांना रात्रपाळीचा भत्ता हवा, आणि चढाई नाही केली तर प्रजा म्हणणार, आधीचे महाराज बरे होते. मग बिचारा जांभया देत गावं जाळायला निघायचा. त्याला मारायला निघालेला राजपुत्र तेजोमणी मात्र दिसायला देखणा, बोलायला गोड आणि प्रत्येक पानावर बरोबर.

नारायण पेठेतले प्रकाशक श्रीनिवास फडणीस यांनी हस्तलिखित वाचून फोन केला. "राजपुत्र कंटाळवाणा आहे. राक्षस ठीक आहे."

"ठीक म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे छापतो. अजून काय म्हणायला हवं?"

पुस्तक निघालं आणि गाजलं. राजपुत्राचं नावही कोणाच्या लक्षात राहिलं नाही. जो तो झाकोळासुराच्या प्रेमात. तिसऱ्या मजल्यावरचे महिपती नगरकर, ज्यांच्या स्कूटरला दोनदा साखळी पडली होती, त्यांनी बाईंना मेसेज पाठवला: 'रात्रभर वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. बिचाऱ्याला कोणी समजूनच घेत नाही हो.' लगेच खाली दुसरा: 'आजही नळाला पाणी नाही. चेअरमन म्हणवून घ्यायची लाज वाटते का?'

बाईंचे यजमान अनिरुद्ध यांनी दोन्ही मेसेज वाचले. "एकाच माणसाचे आहेत," ते म्हणाले आणि चहाला गेले.

वारज्यातल्याच एका वाचनालयाने वाचकभेट ठेवली. सभागृह भरलं. एक मुख्याध्यापिका उठून म्हणाल्या, "झाकोळासुर म्हणजे मीच. मला कुठे हवं होतं हे पद? शिक्षक ऐकत नाहीत, मग ओरडावं लागतं." एका कंपनीतला टीम लीड म्हणाला, "मॅडम, सेम. मला फक्त कोडिंग करायचं होतं. आता लोकांच्या सुट्ट्या कॅन्सल करतो आणि आतून खूप वाईट वाटतं." गणेश मंडळाचे अध्यक्ष बावीस वर्षं नाइलाजाने अध्यक्ष होते. सगळ्यांचे डोळे ओलावले होते. सत्ता कोणालाच नको होती, आणि सोडलेली कोणीच नव्हती.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. मंगलतारामध्ये नुकतीच राहायला आलेली, आयटीतली अक्षता. "मॅडम, एक डाउट आहे. त्याला दुधी लावायचे होते ना? मग तो गेला का नाही? दरीला काही दार नव्हतं."

"दुसरं कोणी नव्हतं ना गं," बाई म्हणाल्या. सभागृहातल्या सगळ्या माना एकदम हलल्या.

"त्याने कोणाला विचारलं होतं का?"

बाईंनी हसून पुढचा प्रश्न घेतला.

मग वार्षिक सभा आली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. बाई उठल्या, पदर सारखा केला आणि नेहमीचं वाक्य म्हणाल्या, "आता दुसरं कोणीतरी बघा." सभासदांनी चपलांकडे बघितलं.

"मी होते चेअरमन," अक्षता म्हणाली.

इतकी वर्षं ज्याची वाट बघतो असं सांगितलं, ते समोर हात वर करून उभं होतं, आणि बाईंना त्या पोरीचा राग आला होता.

"तुला टाकीचे व्हॉल्व्ह माहीत नाहीत," बाई म्हणाल्या.

"शिकवा ना."

"टँकरवाला बाईमाणसाचं ऐकत नाही."

"तुमचं ऐकतो की."

तेवढ्यात नगरकर उभे राहिले. बाईंना वाटलं, आता हे जुने हिशेब काढणार. पण नगरकर म्हणाले, "नको, मॅडमच राहू देत. वाईट आहेत, पण आपल्या सवयीच्या आहेत. या नव्या मुलीला शिव्या द्यायच्या म्हणजे संकोच वाटेल." दहाबारा जणांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना भरून आलं. ज्यांचं पाणी तोडलं तीच माणसं आपल्याला सोडायला तयार नाहीत! "तुम्ही एवढं म्हणताय, तर माझा नाइलाज..." असं त्या म्हणू लागल्या.

आणि त्यांची नजर बाजूला गेली. शेजारी बसलेले अनिरुद्ध त्यांच्याकडे बघत होते. हसत नव्हते, नुसते बघत होते.

"नाइलाज नाही," बाई म्हणाल्या. "मला आवडतं हे. खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यापासून आवडतं. म्हणून आता बास. अक्षता, उद्या सकाळी गच्चीवर ये, व्हॉल्व्ह दाखवते."

नगरकरांना हे फार उद्धट वाटलं.

पुढचे काही महिने बाईंना सोपे गेले नाहीत. पंपाचा आवाज बदलला की त्या अर्ध्या जिन्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. सोसायटी कोसळली असती तर बरं वाटलं असतं. ती कोसळली नाही. अक्षताने गच्ची उघडली, तिथे पोरं खेळू लागली, आणि पाणी पूर्वीइतकंच कमी येत राहिलं.

त्याच दिवसांत बाई संध्याकाळी कादंबरीच्या दुसऱ्या भागाला लागल्या. त्यात एक साधी घोसाळेवाली राक्षसीण येऊन म्हणते, मी घेते सिंहासन, तुम्ही जा दुधी लावायला. झाकोळासुर तिचे आभार मानतो, आपण किती थकलो आहोत हे रडत रडत सांगतो, आणि तिला तळघरात कोंडतो.

फडणिसांनी वाचलं. "वाचक रागावतील."

"माहीत आहे."

"छापतो."

वाचक रागावले. मुख्याध्यापिकांनी दोन पानी पत्र लिहिलं. मंडळाच्या अध्यक्षांनी निषेध नोंदवला. टीम लीडने ऑनलाइन एकच तारा दिला. नगरकर तर घरी आले, चहा नको म्हणाले आणि उभ्या उभ्याच बोलले, "मॅडम, आमच्या झाकोळासुराला तुम्ही चक्क खलनायक करून टाकलंत!"

"अहो, तो पहिल्या भागातही गावंच जाळत होता," बाई म्हणाल्या.

"पण तेव्हा त्याला वाईट वाटत होतं!" नगरकर म्हणाले, आणि तरातरा जिना उतरून गेले.