उलटे उतरणारे कुदो-सान

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्रपेटीत राखाडी कडेचं कार्ड आलं. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असतं ते घर इथे नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत-घेत नाही, आणि तसं आधीच कळवणारी ही कार्डं असतात. एकवीस वर्षं इचिकावात काढूनही जपानी लिपीपुढे माझं घोडं अडतंच. कार्ड माझ्या मुलीने, रेवाने वाचलं, जिन्यातच, हातातली प्लास्टिकच्या कचऱ्याची पिशवी खाली न ठेवता. "बाबा, कुदो-सेन्सेई..." एवढं म्हणाली आणि पुढचं जपानीत बोलली. ऑक्टोबरमध्येच गेले होते. छापील मजकुराखाली त्यांच्या पत्नीने, फुमिए-सान यांनी, पेनाने एक ओळ लिहिली होती : एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी पुढच्या रविवारी आहे, जमलं तर या.

मी ती बातमी आमच्या मराठी ग्रुपवर टाकली. एदोगावा, कोतो, इचिकावातले आम्ही कित्येक जण दर हिवाळ्यात बस ठरवून नागानोतल्या त्या खेड्यात जायचो आणि स्की शिकायचो ते कुदो-सानांकडेच. दुपारपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली. मग एकाने लिहिलं, "फार गोड माणूस. पण शेवटी वय झालं होतं हो, तो अपघात आठवतो ना? मागे न बघता उतरले." त्यावर तिघांचे अंगठे. मी फोन पालथा ठेवला. नऊ वर्षं हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडून ऐकलंय आणि एकदाही खोडलेलं नाही. ते खोडायलाच हे लिहायला बसलोय.

त्या खेड्यातले स्की शिकवणारे सगळेच दोन जन्म जगणारे. उन्हाळ्यात कुणी सुतार, कुणी खाणावळवाला, आणि बर्फ पडलं की लाल जाकीट घालून सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी. कुदो-सानांची सफरचंदाची बाग होती. "पाच महिने सफरचंदं, पाच महिने बर्फ आणि उरलेले दोन महिने बायकोची बोलणी," असा ते आपला परिचय करून द्यायचे. चाळीस हिवाळे त्यांनी माणसांना उतारावरून खाली आणलं, तेही बहुतेक वेळा उलटं. म्हणजे नवशिका तोंड खाली करून उतरणार, आणि सेन्सेई त्याच्या पुढ्यात, उताराकडे पाठ करून, त्याच्या डोळ्यांत बघत मागे मागे सरकत जाणार. पहिल्या दिवशी मी विचारलं, "पण मग तुमच्या मागे काय आहे ते तुम्हाला कसं कळतं?"

"दोन्हीकडे कसं बघणार? तुम्हाला मी बघतो. उतार तुम्ही बघायचा. कुणी आडवं आलं तर ओरडायचं."

"जपानीत काय ओरडू?"

"जपानीत नकोच. घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. तुमचा शब्द सांगा, मी पाठ करतो."

मी सांगितलं, "मागे." त्यांनी तो तीनदा म्हणून पाहिला, खिशातल्या वहीत लिहून घेतला. तेव्हापासून आमच्या सगळ्या बायका-मुलांना त्या उतारावर "मागे! मागे!" ओरडताना ऐकून इतर जपानी मंडळी वळून बघायची, आणि कुदो-सानांना त्याचा भारी अभिमान.

मी त्यांचा सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी. माझी खोड एकच, नजर सतत स्वतःच्या पायांवर. "बापट-सान, स्कीकडे काय बघता? पळून नाही जाणार, बांधल्यात पायाला." तीन हिवाळे हेच वाक्य. माझी पत्नी माधवी आणि आठ वर्षांची रेवा वरच्या उतारांवर पोचल्या, मी मात्र खालच्याच उतारावर, मान खाली घालून. ऑफिसातही मी तसाच आहे म्हणा.

आणि मग ती सकाळ. स्वच्छ ऊन होतं, उतार जवळजवळ रिकामा. काय झालं देव जाणे, पण मी मान वर केली आणि ती वरच राहिली. डावं वळण, उजवं वळण, पुन्हा डावं... समोर कुदो-सानांचा चेहरा, ते उलटे सरकताहेत, हसताहेत, "हेच, हेच" म्हणताहेत. खाली, त्यांच्या पाठीमागे, एक स्नोबोर्डवाला बर्फात बसून बुटांचे पट्टे आवळत होता. मला तो दिसला. मी हे पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा नीट लिहितो : मला तो स्पष्ट दिसला, हिरव्या टोपीसकट, आणि ओरडायला भरपूर वेळ होता. मी घाबरलेलो नव्हतो. मी खुशीत होतो. चाळिशी ओलांडलेल्या माझ्या शरीराला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जमत होतं. ओरडलो की हे थांबणार... एक वळण अजून, मग ओरडतो, असं मी ठरवलं. खरंच, ठरवलं. ते एक वळण मी घेतलं, आणि कुदो-सान त्या मुलावर आपटून पाठीवर पडले. मुलाला खरचटलंही नाही. कुदो-सानांचं कमरेचं हाड मोडलं.

दुपारी स्की शाळेतल्या माणसाने माझा जबाब घेतला. अतिशय नम्रपणे. "बापट-सान, तुम्हाला समोरचा मुलगा दिसला होता का?" मी म्हणालो, "नाही. मी माझ्या स्कीकडे बघत होतो." तीन वर्षं सगळ्यांनी मला तसंच पाहिलेलं. त्याने लगेच मान डोलावली आणि लिहून घेतलं.

मग दोष कुणाचा उरला? शाळेने कुदो-सानांचं लाल जाकीट परत घेतलं, शिवाय नियम केला की पासष्टीपुढच्या कुणी नवशिक्यांसमोर उलटं उतरायचं नाही. नवशिके नाहीत तर काम नाही, त्यामुळे त्यांच्याच वयाचे सोबती, उन्हाळ्यात सुतारकाम करणारे ओनो-सान, तेही त्याच हिवाळ्यात घरी बसले. कुदो-सान बरे झाल्यावर निळा डगला घालून, माणसांना उतारावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टपाशी उभे राहू लागले. येणाऱ्या प्रत्येक खुर्चीवरचं बर्फ केरसुणीने झाडायचं, हे काम. मी खुर्चीवर बसायला आलो की झाडता झाडता दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे न्यायचे आणि वर दाखवायचे. वर बघा. मी हसायचो. आत काय व्हायचं ते सांगत बसत नाही.

त्यानंतर मी दर जानेवारीत एकटाच जाऊ लागलो. चिवड्याचा डबा न्यायचो, त्यांच्या छपरावरचं बर्फ फावड्याने खाली ओढायचो, चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीने परत. माधवीला वाटायचं, किती हा गुरुभक्त. दरवर्षी जाताना गाडीत वाक्य जुळवायचो आणि येताना ते तसंच परत आणायचो.

त्या रविवारी मंत्र म्हणून भिक्षू गेले, जेवणं झाली, नातेवाईक पांगले. पांघरूण घातलेल्या त्या ऊबदार बैठ्या टेबलाशी फुमिए-सान, ओनो-सान आणि मी, एवढेच उरलो. भिंतीशी कुदो-सानांचा लाल जाकिटातला फोटो. मी पाय दुमडून नीट बसलो आणि गाडीत जुळवलेलं वाक्य विसरून जे आलं ते बोललो. मला मुलगा दिसला होता. मी ओरडलो नाही. नंतर खोटं बोललो.

मग फुमिए-सान म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

"कसं?..."

"तुम्ही सांगितलंत, मी स्कीकडे बघत होतो. दवाखान्यात ते ऐकून हसले. म्हणाले, तीन वर्षांत बापट-सानने आज पहिल्यांदा स्कीकडे बघितलं नाही. मी त्याच्या डोळ्यांतच बघत होतो, मला कळणार नाही? मला म्हणाले, काय सुरेख उतरला, तू पाहायला हवं होतंस."

मला वर बघवेना.

"मी मात्र चिडले होते," त्या पुढे म्हणाल्या. "पहिली दोन वर्षं तुम्ही यायचात तेव्हा मी बाहेर येत होते का, आठवतंय?"

आठवत होतं. मी त्याला त्यांचा लाजाळूपणा समजत होतो.

"शाळेला सांगा, म्हणून मी भांडले त्यांच्याशी. ते म्हणाले, तो स्वतः सांगेल. दर जानेवारीला तुम्ही गेलात की मी विचारायचे, सांगितलं का? ते म्हणायचे, नाही, पण छप्पर छान झाडलंय." त्या जरा हसल्या. "ते असताना सांगायला हवं होतं, बापट-सान."

"हो," मी म्हणालो. याला दुसरं उत्तर नव्हतं, आजही नाही.

मी ओनो-सानांकडे वळून डोकं चटईला टेकवलं. त्यांनी बराच वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाले, "माझे गुडघे पुढच्याच वर्षी गेले असते. पण ते एक वर्ष माझं होतं." आणि थोड्या वेळाने, "उठा. पुढच्या वेळी माझंही छप्पर झाडा. मोठं आहे."

मी उठून बसलो. हलकं वाटलं, असं लिहायची लाज वाटते, पण वाटलं. माफी मिळाली म्हणून नव्हे, ती कुणी दिलीच नाही. त्या खोलीत आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, एवढंच. फुमिए-सानांच्या सांगण्यावरून मी शाळेलाही पत्र लिहिलंय, आणि हे तुम्हाला. कुदो-सान मागे बघायला विसरले नव्हते. मागे बघायचं काम माझं होतं.

फुमिए-सान चहाचं पाणी आणायला आत गेल्या. मी फोटोकडे बघत दाराच्या वाटेतच बसलो होतो. तेवढ्यात पाठीमागून मोठ्याने आवाज आला, "मागे!" मी दचकून बाजूला सरकलो. उकळत्या पाण्याची किटली घेऊन त्या माझ्या खांद्याशेजारून गेल्या आणि माझा चेहरा बघून थबकल्या. "गरम काही नेताना आमच्याकडे असंच ओरडतात," त्या म्हणाल्या. "बाराएक वर्षं झाली. त्यांनीच सवय लावली... तुमचाच ना हा शब्द?"