हात बरा झाला का?

पूजा आटोपली की आसनावरून उठण्यापूर्वी क्षमापन म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. उपचारांत जे न्यून राहिले, हातून जे प्रमाद घडले, त्यांची क्षमा मागावी आणि मगच उठावे. या विधीतल्या एका सोयीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्याची क्षमा मागायची, तो समोर असतो. इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या सुमनताई लघाटे यांना ही सोय गेली तीस वर्षे लाभलेली नाही, आणि त्याचा त्यांना फार राग आहे.

ताई आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. बडा गणपतीजवळच्या मुलींच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. उत्तर बरोबर आले, पण रीत मांडली नाही, तर अर्धे गुण कापणाऱ्या बाई म्हणून त्यांची ख्याती होती. विमानात त्या जन्मात एकदाच बसल्या. उत्तरेकडे राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची मुंज होती. पती देवदत्त यांना कचेरीतून रजा मिळाली नाही, म्हणून ताई एकट्या निघाल्या. मांडीवर बेसनाच्या लाडवांनी भरलेला, स्टीलचा, कडीचा डबा होता. झाकणावर भांडेवाल्याकडून ठिपक्याठिपक्यांनी घालून घेतलेले नाव होते: सौ. सुमन दे. लघाटे, इंदूर.

विमान उडाल्यावर अर्ध्या तासाच्या आत चार शस्त्रधाऱ्यांनी ते ताब्यात घेतले. इंधनासाठी ते एका लहानशा विमानतळावर उतरवावे लागले आणि तिथेच धावपट्टीवर अकरा तास उभे राहिले. खिडक्यांच्या झडपा बंद करवल्या होत्या. आत काळोख, उकाडा आणि लहान मुलांचे रडणे. अपहरणकर्ते दर काही मिनिटांनी मधल्या वाटेने येत आणि एकच आज्ञा करत: "सिर नीचे." त्यांतल्या एकाने ताईंचा डबा उघडायला लावला आणि उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले. ताई ते आजही विसरलेल्या नाहीत. मुंजीच्या लाडवांना पहिला हात कोणाचा लागला, असे त्या अजून तावातावाने विचारतात.

दिवेलागणीच्या सुमारास विमानाची दारे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उघडली. प्रचंड आवाज झाला, धूर पसरला आणि त्या धुरातून काळ्या वेषातली एक आकृती ताईंच्या रांगेपाशी येऊन ओरडली, "सिर नीचे!" अकरा तास ऐकलेले तेच दोन शब्द. ते या वेळी सोडवायला आलेल्या सैनिकाच्या तोंडून आले होते, हे ताईंना कळण्याचा काही मार्ग नव्हता. वर्गातसुद्धा एका मर्यादेपलीकडे त्यांनी कोणाचे ऐकून घेतले नव्हते. "मेल्या," असे म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी उचललेला तो डबा त्यांनी त्याच्या उजव्या मनगटावर घातला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज त्यांनी ऐकला. त्या माणसाच्या हातात शस्त्र होते. त्याने ते डाव्या हातात घेतले, कोपराने ताईंचा खांदा दाबून त्यांना खाली बसवले आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, खाली राहा. आम्ही आपलेच आहोत." मग तो पुढे गेला. पाच मिनिटांत सगळे संपले. एकूण एक प्रवासी सुखरूप खाली उतरले. ताई उतरल्या तेव्हा पोचा पडलेला डबा त्यांच्या कवेत होता. शिडीच्या पायथ्याशी काळ्या वेषातले बरेच जण उभे होते, पण सगळ्यांचे चेहरे झाकलेले होते.

इंदुरात परतल्यावर ताईंचे सत्कार झाले, शाली मिळाल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांना धैर्याविषयी बोलायला सांगण्यात आले आणि प्रत्येक ठिकाणी त्या मनगटाविषयी बोलू लागल्या. संयोजक अस्वस्थ होत. वीराला डबा मारल्याची कथा सत्काराच्या प्रसंगी कोणाला नको होती. घरी देवदत्तरावांनी समजूत घालण्याचा प्रयत्न केला. कमांडो असतो तो, डब्याने त्याला काय होतंय, असे ते म्हणाले. "तुमच्यावर करून बघू?" असे ताईंनी विचारले, तेव्हापासून त्यांनी तो विषय काढला नाही.

मग ताईंनी त्या कमांडो दलाच्या मुख्यालयाला पत्रे लिहायला घेतली. पहिल्या पत्रात त्यांनी त्या जवानाचे नाव विचारले. तीन महिन्यांनी उत्तर आले, की आपल्या भावनांबद्दल आभार, दलातील व्यक्तींची नावे प्रकट करता येत नाहीत. हे ताईंना पटले. दुसऱ्या पत्रात त्यांनी लिहिले, की नाव नको, गाव नको, फक्त हात बरा झाला का तेवढे कळवा. उत्तरात पहिलेच पत्र पुन्हा आले, तारीख तेवढी बदललेली. ताईंनी त्याच्या समासात लाल शाईने लिहिले, "प्रश्न नीट वाचा." अशी नऊ उत्तरे त्यांच्या फायलीत आहेत आणि नऊंवरही हाच शेरा आहे. देवदत्तराव गेले, ताई बडा गणपतीचे बिऱ्हाड सोडून मुलाकडे राजेंद्र नगरात आल्या, फाईलही आली. सून नीरजा नाशिकची, इथल्या एका महाविद्यालयात शिकवते. तिने एकदा विचारले, की इतक्या वर्षांनी कळून काय उपयोग. ताई म्हणाल्या, "उजवा हात होता गं. जेवायचा हात."

गेल्या माघात आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत एक निवृत्त कर्नल आले. त्या मोहिमेच्या वेळी ते धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या नियंत्रण कक्षात होते. आमच्याकडे श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि चिटणीसांनी ते निवडून व्यासपीठावर पाठवायचे, असा प्रघात आहे. ताईंनी चार शब्दांची चिठ्ठी दिली. चिटणीस विक्रांत हा भला माणूस, पण कार्यक्रम रंगावा ही त्याची कायमची चिंता. व्याख्यान संपले, नऊ प्रश्न झाले, ताईंचा आला नाही. त्या तडक विक्रांतकडे गेल्या.

"ताईजी, माहोल एकदम बढिया जमला होता ना," तो म्हणाला. "तुमचा प्रश्न जरा पर्सनल होऊन जातो. म्हणून मी बाजूला ठेवला."

"भिया, तू माझ्या वर्गात असतास तर मी तुलाच बाजूला ठेवला असता," ताई खास इंदुरी सुरात म्हणाल्या आणि पडद्यामागे गेल्या.

कर्नलसाहेब चहा घेत होते. ताईंनी पिशवीतून तो डबा काढून टेबलावर ठेवला, पोचा त्यांच्याकडे येईल असा फिरवला आणि सगळी हकीकत रीतसर सांगितली. साहेबांनी कप खाली ठेवून ती ऐकली. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बाई, त्या मोहिमेचा अहवाल मीच लिहिला होता. आपल्या बाजूचे जखमी, शून्य."

मागे येऊन उभा राहिलेला विक्रांत खुलला. "लो ताई, मामला खतम. कोणाला काही लागलंच नव्हतं."

"मग तो अहवाल चुकला आहे," ताई म्हणाल्या. "हाड मोडलेलं मी ऐकलंय. शून्य कसं येईल?"

साहेबांनी त्या पोच्यावरून बोट फिरवले. मग सावकाश म्हणाले, "जखमी म्हणून नाव लागलं की तुकडीतून बाहेर बसवतात. महिना, दोन महिने. पुढच्या कामाला नेत नाहीत. म्हणून जवान सांगत नसत. आम्हाला ते ठाऊक होतं, आणि आम्हीही विचारत नसू."

तीस वर्षे ज्या उत्तरासाठी ताईंनी टपाल झिजवले, ते हे असे आले. त्यात दिलासा कुठेच नव्हता. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "म्हणजे त्याने प्लास्टरसुद्धा घातलं नसेल."

ताईंनी तिथेच एक कागद मागून घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिले, की अमुक दिवशी अमुक विमानात एका जवानाचा उजवा हात माझ्याकडून दुखावला गेला, अहवालात जखमी एक असे वाचावे, खाली सही आणि पत्ता. कर्नलसाहेबांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून आतल्या खिशात ठेवला. जुन्या सहकाऱ्यांकडे विचारून पाहतो, असे म्हणाले. वचन दिले नाही.

डब्यात घरून भरून आणलेले ताजे लाडू होतेच. ताईंनी तो त्यांच्या हवाली केला. तो भेटला तर त्याला द्या, नाही भेटला तर तुम्ही खा, पण डबा परत पाठवा, असे त्यांनी बजावले.

याला आता आठ महिने झाले. डबा आलेला नाही. नीरजाने दोनदा फोन केला. साहेब म्हणाले, एक-दोघांकडे चौकशी केली आहे, डबा पुढे गेला आहे. पुढे म्हणजे कोणाकडे, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यानंतर फोन लागत नाही. ताई रोज चिडतात. कर्नलांवर, विक्रांतवर, टपालावर, आणि दिवाळीच्या फराळासाठी नवा डबा आणू का, असे विचारणाऱ्या सुनेवर.

परवा मी गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची रिकामी जागा पुसत होत्या. डबा आता गेला असे समजा, असे मी सुचवले. त्यांनी फडके खाली ठेवले.

"असं कसं समजू? मराठी घरातला आहे तो. मावशी म्हणाला मला. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, साखर तरी घालायची, हे त्याला आईने शिकवलंच असेल. भरायचं म्हणजे वेळ लागतो." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आणि एका हाताने करायचं तर जास्तच लागतो."

त्यांनी पुन्हा फडके उचलले आणि ती जागा, स्वच्छच होती, तरी आणखी एकदा पुसली.