जायफळाची वाकडी ओळ

“सावंत, मशीन थांबवा!” मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

“काय मॅडम? पहिला फॉर्म सुटला पण! सोळा पानं छापून होतायत.”

“होऊ देत. आधी थांबवा.”

सावंतांचा प्रेस डिलाईल रोडला, माझं डीटीपीचं दुकान ठाकूरद्वारला. समोर नीलाताई बसल्या होत्या. त्यांचे वडील वैद्य. त्यांचं बाळगुटीवरचं पुस्तक पुन्हा छापायचं होतं. तीस वर्षांपूर्वी ते मीच नोकरीत असताना कंपोज केलं होतं. जुनी फ्लॉपी उघडली, जुन्या फॉन्टमधला मजकूर आजच्या फॉन्टमध्ये आला, आणि मी स्वतःवरच खूश झाले. “तेव्हा वैद्यबुवांनी तीनदा तपासलंय,” म्हणत प्रूफ न काढता फाइल थेट प्रेसला पाठवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

त्या दिवशी नीलाताईंनी कव्हरच्या रंगासाठी जुनी प्रत आणली. चाळताना एक ओळ किंचित वाकडी दिसली. ‘जायफळ – एक वेढा.’ वेढा म्हणजे सहाणेवर एकदा गोल उगाळणं. स्क्रीनवर पाहिलं, तर ‘पाच वेढे’. जायफळ जास्त झालं तर तान्हं बाळ गुंगीत जातं. मी तिथूनच सावंतांना तो फोन लावला होता.

त्या काळी कॉम्प्युटर मजकूर साठवायचा, पण पान निघायचं ब्रोमाइडवर, म्हणजे फोटोच्या कागदावर. शेवटच्या घडीला चूक सापडली की अख्खं पान पुन्हा काढायला सवड नसे. तेवढीच ओळ वेगळी काढायची, ब्लेडने कापायची आणि जुनीवर चिकटवायची. फाइलमधली दुरुस्ती नंतर करू म्हणायचो. ते ‘नंतर’ कधी उजाडलंच नाही.

“अशा अजून किती ओळी असतील?” नीलाताईंनी विचारलं. “बाबांचं नाव आहे हो त्यावर.”

“माहीत नाही,” मी खरं ते सांगितलं.

पट्टी घेतली आणि जुन्या पुस्तकाच्या एकेका ओळीखाली धरत गेले. ओळ कलली की समजायचं, इथे ब्लेड चाललंय. अशा नऊ सापडल्या. मी सुस्कारा सोडला.

“आणि एखादी सरळ चिकटली असेल तर?” नीलाताईंनी विचारलं.

मग त्यांनीच जुनं पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं आणि मी स्क्रीनवर ताडून पाहत राहिले. संध्याकाळपर्यंत आणखी तीन निघाल्या.

सावंतांना फोन केला. “छापलेले कागद फाडून टाका. रद्दीत देऊ नका. कोणी पुडी बांधून घरी नेईल आणि वाचेल.”

“अहो, स्वतः फाडतो. माझी नात दोन महिन्यांची आहे,” सावंत म्हणाले.

पुस्तक आठवड्याने उशिरा निघालं. तेव्हापासून फ्लॉपी उघडली तरी मी छापील प्रत मागते. नोकरीत आमचे फोरमन माझ्या पेस्टिंगवर चिडायचे. “बाई, तुमचा हात वाकडा आहे,” म्हणायचे. मला फार लागायचं ते. पण जायफळाची ओळ मी सरळ चिकटवली असती, तर त्या दिवशी मशीन थांबलं नसतं.